आठ बिघ्यांची वाट

मधूचा फोन आला तेव्हा उषाताई जगदाळे ग्वाल्हेरला माधवगंजच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होत्या.

“बाईसाहब, रास्ता बंद कर दिया,” मधू एका दमात म्हणाली. “तार खेंच दी है. आदमी बिठा दिया है बंदूक लेके. सरसों पकी खड़ी है, अब निकालूँ कहाँ से?”

उषाताईंनी जुडी टोपलीत परत ठेवली आणि भाजीवाल्याला काही न सांगता घराकडे वळल्या. कोणी तार ओढली, हे विचारायची गरजच नव्हती.

पिपरौलीतली त्यांची जमीन आठ बिघे, मधू ती ठेक्याने, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, कसायची. डबऱ्याच्या बाजूला बसने तासाभरावर उतरायचं, पक्क्या सडकेवरून एक कच्ची गाडीवाट आत जाते, ती विक्रमसिंहांच्या शेताच्या कडेकडेने थेट उषाताईंच्या बांधाला लागते. ट्रॅक्टर, थ्रेशर, खताच्या गोण्या, तयार माल, सगळ्याची ये-जा तिथूनच. दुसऱ्या बाजूंना नहर आणि लोकांची शेतं. ती वाट मिटली की आठ बिघे म्हणजे भर उन्हात उभं राहिलेलं बेट.

विक्रमसिंह पंधरवड्यापूर्वीच घरी येऊन गेले होते. दारात पांढरी गाडी उभी राहिली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला पन्नाशीचा माणूस आत आला, संभाजीरावांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला, पोह्यांचं कौतुक केलं. मग म्हणाले, सडक रुंद होणार असं सगळे बोलतायत, जमिनीच्या भावांना आग लागली आहे, तुम्ही शहरातली माणसं कुठे सांभाळत बसणार, मला देऊन टाका. सांगितलेला भाव बाजाराच्या निम्म्याहून थोडा वर होता.

“मला विकायची नाही,” उषाताई म्हणाल्या.

“कोई बात नहीं, भाभीजी.” ते हसून उठले. “ज़मीन तो वहीं रहती है. रास्ते ही इधर-उधर हो जाते हैं.” आणि दारात चपला घालताना सहज सुचल्यासारखं म्हणाले, “वो मधू आपकी, नौ साल से जोत रही है ना? पटवारी के यहाँ अपना नाम चढ़वा लिया तो? ज़माना ख़राब है.”

तेव्हापासून उषाताईंच्या मनात दोन काटे रुतले होते. एक वाटेचा, दुसरा मधूचा. आज पहिला खरा ठरला होता.

त्यांनी ही जमीन कशी घेतली ते नात्यात अजून कुणाला पटलेलं नाही. वडील बिर्ला नगरच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा उषाताई लग्नाच्या वयाच्या होत्या. रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला वडील डबा न घेता तयार होऊन ओट्यावर बसायचे, हे त्यांनी वर्षभर पाहिलं. पगार म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने चालू ठेवलेला नळ, हे त्यांच्या डोक्यात तेव्हा बसलं ते कायमचं. पुढे त्यांना टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी लागली. संभाजीराव एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. घर नीट चाललं होतं. मुलगा अंशुल शाळेत असताना एक दिवस उषाताई सराफा बाजारात गेल्या, लग्नातल्या पाटल्या आणि तोडे मोडले, त्यात फंडाचं कर्ज घातलं आणि पिपरौलीची रजिस्ट्री स्वतःच्या नावे करून आल्या. सासरची माणसं पूर्वी दख्खनेतून फौजेबरोबर आलेली. त्यांच्यात बाईने गळ्यातलं मोडून रान घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. सासूबाई चार महिने बोलल्या नाहीत. संभाजीराव फक्त म्हणाले होते, “तिथली माणसं कशी आहेत ते तरी विचारलंस का?”

ते तेव्हाही घाबरट होते आणि आताही. उषाताईंना त्याचा राग येत नसे. घाबरट माणूस निदान खोटं बोलत नाही.

“त्यांच्याकडे बंदुका आहेत, उषा,” ते त्या दुपारी म्हणाले. “आपल्याकडे काय आहे?”

“भाऊबंदकी आहे का आपली त्या गावात? नाही. पण रजिस्ट्री आहे.”

“रजिस्ट्रीने तार तुटते का?”

संध्याकाळी अंशुलचा नोएडाहून फोन आला. बाबांनीच त्याला कळवलं असणार.

“आई, सीधी बात आहे. मधू देते तो एका वर्षाचा ठेका धर आणि जमिनीच्या किमतीशी लावून बघ. दोन टक्के पण पडत नाहीत. बँकेत नुसते ठेवले तरी तिप्पट मिळतील. ऊपर से ये गुंडागर्दी. किस लिए?”

“किंमत दहापट झाली ती नाही दिसत तुला?”

“ती कागदावर. रस्ता नसला तर घेणार कोण? तोच. त्याच्या भावात. आत्ता तो निम्मे तरी देतोय. सहा महिन्यांनी चौथाई देईल.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि मधूचं काय? नऊ वर्षं एकाच माणसाला ठेका कोणी देतं का? मी किती वेळा म्हटलं, दर दोन वर्षांनी बदल.”

शहरात राहून जमीन ठेवणारे सगळे तसंच करतात. ठेका तोंडी, एका वर्षाचा, आणि माणूस बदलता. म्हणजे कुणाचा हक्क लागत नाही. त्यांनी मधूला बदललं नाही, कारण मधू रान नीट राखायची आणि पैसे वेळेवर आणून द्यायची. नवरा सुरतेला कामाला, शेत हीच बघायची. पण लिहून मात्र कधी काही दिलं नव्हतं. आणि दर ज्येष्ठात ठेका थोडा वाढवायलाही त्या चुकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या अंबरीशकडे गेल्या. अंबरीश वकील, टेलिफोन ऑफिसातल्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ.

“अर्ज आजच टाकू,” तो म्हणाला. “पीक उभं आहे म्हटल्यावर तहसीलदार लवकर जागेवर येतील. ते एकच गोष्ट बघणार. ही वाट आधीपासून वापरात होती का. ताई, साक्ष कोण देणार?”

“मी देईन की.”

“तुम्ही वर्षातून किती वेळा जाता? जमीन कसणाऱ्याची साक्ष लागेल. मधूची. तिच्याबरोबर काही लेखी आहे?”

“नाही. मुद्दामच नाही.”

अंबरीशने पेन खाली ठेवलं. “मग ती तिथे काय सांगेल याचा भरवसा काय? ‘मी ठेक्याने करते’ म्हणेल, की ‘नऊ वर्षं माझ्या कब्जात आहे’ म्हणेल? नाव लगेच लागणार नाही तिचं, पण तुम्हाला कोर्टात दहा वर्षं घालवायला तेवढं पुरे. आता कायद्याने लेखी करार करता येतो. मुदत संपली की जमीन तुमची तुम्हाला. तुम्ही लिहून दिलं असतं तर आज हा प्रश्नच नसता.”

उषाताई घरी न जाता तशाच बसस्टँडवर गेल्या आणि पिपरौलीची बस धरली.

सडकेपासून वाट सुरू होते तिथेच खांब पुरून काटेरी तार ओढली होती. बाजूला कडुनिंबाखाली खाट, खाटेवर एक मिशीवाला, मांडीवर दुनळी बंदूक. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. उषाताई तारेजवळ गेल्या तसं त्याने मान वर केली.

“पैदल जाओ, माताजी. पैदल की मनाही नहीं है. ट्रैक्टर की है.”

हे तो अगदी सरळपणे बोलला. त्या तारेखालून वाकून निघाल्या. पदर काट्यात अडकला. तो सोडवायला त्यांना थांबावं लागलं, आणि तेवढा वेळ त्या माणसाची नजर पाठीवर जाणवत राहिली. पदर फाटला. तो पुन्हा मोबाइलकडे वळला.

रान पिवळं नव्हतं आता, मातकट झालं होतं. सरसोंच्या शेंगा वाळून खडखडत होत्या. आणखी थोडं ऊन खाल्लं की आपोआप तडकणार आणि दाणे मातीत जाणार. मधू बांधावर बसली होती. एरवी उषाताई दिसल्या की ती डोक्यावर पदर घेत धावत यायची. आज बसल्या जागीच थोडी सरकली, तेवढंच.

“ते आले होते,” ती म्हणाली. ती आपल्या गावच्या हिंदीत बोलत होती आणि उषाताई नेहमीसारख्या अर्ध्या मराठीत. “विक्रमसिंह. म्हणाले, तहसीलचे साहेब विचारायला आले की सांग, नऊ वर्षांपासून मीच धनी. त्याच दिवशी तार काढतो. पुढे तुझं नाव लागलं की दोन बिघे तुला, बाकी मला.”

उषाताईंचे कान तापले. “मग तू काय म्हणालीस?”

“आधी तुम्ही सांगा. ते म्हणाले, तुम्ही ग्वाल्हेरमध्ये सौदा केला आहे. विकली का?”

“नाही.”

“विकणार?”

या एका शब्दावर उषाताई अडखळल्या. नाही म्हणायचं होतं. पण अंशुलचा आवाज, तारेजवळचा तो माणूस, घरी कढत चहा थंड करत बसलेले संभाजीराव, सगळं एकदम आडवं आलं. मधूने ते थांबणं पाहिलं.

“हेच,” ती म्हणाली. “मला दर ज्येष्ठापर्यंत ठाऊक नसतं पुढच्या वर्षी हे रान माझं आहे का. शेणखत घालावं की नाही, बांध बांधावा की नाही, कळत नाही. मी राबून रान सुधारायचं आणि तुम्ही दुसऱ्याला द्यायचं. मला पाच वर्षांचं लिहून द्या. पाच वर्षं ठेका हाच, वाढवायचा नाही. मग साहेबांसमोर जे खरं ते मी बोलेन.”

“आणि नाही दिलं तर?”

मधूने एक वाळकी शेंग तोडून हातात चुरडली.

“मधू, ही वेळ आहे का सौदा करायची? पीक उभं आहे, बाहेर बंदूकवाला बसलाय!”

“और कब होगी, बाईसाहब?” मधू म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या वेळी तुम्ही ऐकलं असतं?”

उषाताई तशाच वळून निघाल्या. बसमध्ये त्या रागाने धुमसत होत्या. इतकी वर्षं आपण हिला सांभाळलं, मुलीच्या लग्नात साडी नेली, दवाखान्याला पैसे दिले, आणि हिने गळ्याशी आल्यावर हात पसरला. माधवगंज येईपर्यंत त्यांनी मधूला मनातल्या मनात तीन वेळा काढून टाकलं होतं.

घरी सांगितलं तसं संभाजीराव गुडघा चोळत म्हणाले, “लिहून दिलंस तर पाच वर्षं विकता येणार नाही.”

“विकता येईल. पण वर ठेकेदार बसलेली जमीन घेतं कोण? भाव पडेल.”

“म्हणजे तू स्वतःच स्वतःला बांधून घेशील.”

“हो.”

“वीस वर्षं तेच तर म्हणतेयस तू. विकायची नाही म्हणून.”

ते टोमण्याने बोलले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं, की यात अडचण कसली. जमीन लांबच्या पल्ल्याची गोष्ट आहे, असं त्या जन्मभर सगळ्यांना ऐकवत आल्या होत्या. अंशुलला, सासूला, ऑफिसातल्या बायकांना. आणि तीच जमीन मधूला मात्र वर्षावर्षाच्या तुकड्यांत मोजून देत आल्या होत्या. लांबचा पल्ला फक्त त्यांचा होता.

लिहून द्यायचं ठरवून अंशुलला कळवलं तेव्हा तो फोनवर ओरडलाच. “पागल हो क्या, आई! ती तुला ब्लॅकमेल करतेय आणि तू इनाम देतेयस! उद्या कब्जा केला ना, मला सांगू नकोस.”

“तुला नाही सांगणार,” उषाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. तो चुकीचं बोलतोय अशी खात्री त्यांना स्वतःलाही नव्हती.

पाहणीच्या दिवशी सकाळी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात अंबरीशने करार पुढे केला. मधू आली होती. तिथेही घासाघीस झालीच. पाच वर्षं एकच भाव उषाताईंना मान्य नव्हता, तीन वर्षं झाल्यावर थोडी वाढ, यावर दोघी आल्या. मधूने प्रत्येक ओळ अंबरीशकडून वाचून घेतली, मग सावकाश अक्षरं जुळवत सही केली. उषाताईंनी केली. दोघींपैकी कोणी हसलं नाही.

पिपरौलीत वाटेवर अर्धं गाव जमलं होतं. तहसीलदार गाडीतून उतरले, पटवाऱ्याने नकाशा पसरला. नकाशात ती वाट नव्हती. विक्रमसिंह शांतपणे म्हणाले, “साहब, हमारी मेड़ है. मेहरबानी में निकलने देते थे.” खाटेवरचा माणूस आज दुनळीशिवाय उभा होता, पण उषाताईंना त्याच्या रिकाम्या हातांकडेही बघवेना.

“इथून ट्रॅक्टर कोण नेत होतं?” तहसीलदारांनी गावकऱ्यांना विचारलं.

कोणी जमिनीकडे बघत होतं, कोणी नहराकडे.

“बोल मधू,” विक्रमसिंह मायेने म्हणाले. “डर मत. जो सच है, बोल. नौ साल से किसका हल चल रहा है?”

मधूने त्यांच्याकडे पाहिलं, मग उषाताईंकडे. कराराची तिची प्रत तिने पदराच्या गाठीत बांधली होती. तिचा हात गाठीवर होता. उषाताईंना वाटलं, सही झाली तरी काय झालं, ही आता काहीही बोलू शकते. दोन बिघे कुणाला नको असतात? त्या वाटेच्या धुळीवर त्यांची नजर खिळून राहिली.

“हल मेरा चलता है,” मधू म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. “ज़मीन बाईसाहब की है. मैं ठेके पे करती हूँ. और ट्रैक्टर इसी रास्ते से आता है. पहले साल से.” तिने गाठ सोडून कागद पुढे केला.

विक्रमसिंहांनी तारीख वाचली आणि मोठ्याने हसले. “आज का काग़ज़ है, साहब! स्याही तक सूखी नहीं.”

तहसीलदारांनी कागद उलटसुलट पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. अंबरीश काही बोलायला गेला, त्यांनी हाताने थांबवलं. पुन्हा गावकऱ्यांकडे वळून म्हणाले, “आणखी कोणी सांगणारं आहे?”

मागून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. संग्रामसिंह, विक्रमसिंहांचे सख्खे चुलते. गर्दीने वाट दिली.

“रास्ता है,” ते म्हणाले. “पुराना है. इसके बाप ने और मैंने मिलके छोड़ा था.”

“चाचा!” विक्रमसिंह गरजले.

“चिल्ला मत. मेरा खेत भी उधर ही है, इनके पीछे. आज इनका रास्ता जाएगा, कल मेरा जाएगा. मैं तुझे जानता नहीं क्या?”

म्हाताऱ्याने उषाताईंकडे बघितलंही नाही. त्याला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण तो बोलल्यावर आणखी दोघं बोलले, मग चौघं. तहसीलदारांनी तिथेच सांगितलं, निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवा, तार आजच काढा.

दुसऱ्या दिवशी थ्रेशर आत गेला. तोवर बऱ्याच शेंगा तडकून गेल्या होत्या. चौथा हिस्सा तरी मातीत गेला, मधू म्हणाली. उषाताईंनी त्या वर्षीच्या ठेक्यात काही सूट दिली, आणि मधूने ती आणखी वाढवून मागितली.

विक्रमसिंह गेले नाहीत कुठे. पाहणी संपल्यावर गाडीत बसताना ते उषाताईंजवळ आले होते. “मुबारक हो, भाभीजी. रास्ता सरकारी लिखत में आ गया, अब तो दाम और बढ़ गया आपका. बेचो तो पहले हमको बताना.” त्यांच्या चेहऱ्यावर तेच पोहे खातानाचं हसू होतं. केस अजून चालू आहे. तारखा पडतात, उषाताई जातात. अनोळखी गाडी घरासमोर थांबली, की संभाजीराव आजही आधी खिडकीचा पडदा ओढतात आणि मग कोण आलंय ते बघतात. अंशुल महिनाभर बोलला नाही. मग एकदा फोनवर हळूच विचारलं, “तिथे आता बिघ्याला काय चाललंय?” उषाताईंनी भाव सांगितला. विकायचं नाव मात्र त्याने काढलं नाही.

ज्येष्ठात उषाताई पिपरौलीला गेल्या तेव्हा मधूने रानात शेणखताचे ढीग टाकले होते, नऊ वर्षांत कधी नव्हते एवढे. एका कोपऱ्यात लिंबाची कलमं ठेवली होती.

“ही फळायला तीन वर्षं लागतात,” उषाताई म्हणाल्या.

“हो. म्हणून तर आणली.” मधू कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “नहराला वर्षभर पाणी नसतं. बोअर करायला हवा. अर्धे तुम्ही द्या.”

“मी का? फळं तू विकणार.”

“पाच वर्षांनी बोअर मी डोक्यावर उचलून नेणार आहे का?”

उषाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. हिच्यापुढे हसलं की बोलणी महागात पडतात, एवढं त्या शिकल्या होत्या. “तिसरा हिस्सा देईन,” त्या म्हणाल्या. मधूने मान डोलावली आणि काठीने जमिनीवर एक जागा दाखवली. उषाताई म्हणाल्या, नाही, तिथे नको, वाटेच्या इतक्या जवळ नको, आत घे. मग दोघी उन्हातून रानाच्या मधोमध चालत गेल्या आणि पाणी कुठे लागेल यावर भांडत उभ्या राहिल्या.